वेटसूट किती मिमीचा घ्यावा? सातारा-सांगलीच्या पाण्याचा हिशेब

वेटसूट म्हणजे गार पाण्यात ऊब राखणारा, रबरी फोमचा अंगाला घट्ट बसणारा सूट. कृष्णेत, धोम धरणाच्या पाण्यात किंवा तापोळ्याला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पोहणाऱ्या माणसाला ७ मिमी जाडीचा वेटसूट कधीच लागत नाही. ५ मिमीचा लागतो तो परदेशातल्या शर्यतीसाठी. आपल्याकडच्या पाण्यात खरा कामाला येतो तो ३ मिमीचा, आणि तोही बारा महिने नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण ऑनलाइन दुकानं 'जितका जाड तितका उबदार' एवढ्यावर ५ मिमीचा सूट गळ्यात मारतात. मग मार्चच्या पाण्यात तो घालून उतरणारा वीस मिनिटांत लालबुंद होऊन काठावर येतो आणि सूट वर्षभर कपाटात पडून राहतो.

इथं जाडीप्रमाणे एकेका सुटाचा विचार केला आहे. ब्रँडपेक्षा जाडी, माप आणि शिवण यांवर भर आहे, कारण पैसे वाया जातात ते याच तीन ठिकाणी.

आधी पाणी मोजा

दर हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या जेट्टीवर आणि लिंगमळ्यात दव गोठल्याच्या बातम्या येतात आणि लोकांना जाड सूट आठवतो. दव गोठतं ते पहाटेच्या हवेनं. तलावातलं पाणी त्याच वेळी हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं, म्हणून तर त्यावरून वाफ उठताना दिसते. पाणी तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही. सूट हवेच्या गारठ्यावर निवडला की तो हमखास एक-दोन मिलिमीटर जास्त जाड निघतो.

मे महिन्यात उलटं होतं. जलाशयात वरचं पाणी उन्हानं तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. काही मीटर खाली गेलं की एकदम गार थर लागतो. वरच्या अर्ध्या मीटरमध्ये पोहणाऱ्याला त्याचं काही नाही, पण बुडी मारणाऱ्याला पोटऱ्यांपाशी गारवा चटकन जाणवतो. धरणाच्या पायथ्यातून नदीत सोडलेलं पाणी याच खालच्या थरातलं असतं. कोयनेच्या पायथा वीजगृहातून विसर्ग सुरू असेल तर कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर एका नदीचं पाणी दुसरीपेक्षा गार लागू शकतं, तेही एकाच दिवशी, हाकेच्या अंतरावर. म्हणून दुसऱ्यानं सांगितलेल्या तापमानावर सूट घेऊ नये.

मोजणं सोपं आहे. तापाचा थर्मामीटर इथं चालत नाही, त्याची पट्टी पस्तिशीच्या आसपास सुरू होते. डेअरीत दुधासाठी असतो तो तरंगता तापमापी किंवा मत्स्यालयाच्या दुकानातला साधा तापमापी घ्या. दोरी बांधा, वजन लावून गुडघा ते मांडीइतक्या खोलीवर सोडा. ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ) शर्यतीत ६० सेंटीमीटरवर मोजतात, तीच खोली धरलेली चांगली. चार-पाच मिनिटं थांबा आणि वर काढताच आकडा वाचा, कारण ओला तापमापी वाऱ्यात झपाट्यानं उतरतो. काठावरच्या उथळ पाण्यात मोजू नका, तिथं ऊन आणि दगड दोन्ही आकडा फुगवतात. खोलातलं पाणी हवं असेल तर अरुंद तोंडाच्या बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, हव्या त्या खोलीवर बूच ओढा, बाटली भरू द्या आणि वर ओढून लगेच मोजा. ज्या वेळी पोहणार त्याच वेळी मोजायचं. दुपारी चारचा आकडा पहाटे सहाला उपयोगाचा नाही.

सांगली, मिरज, कऱ्हाडच्या मैदानी पट्ट्यात पाणी हिवाळ्याच्या पहाटेही साधारण विशीच्या वर राहतं आणि उन्हाळ्यात अठ्ठावीस-तिसापर्यंत चढतं. पुढचा सगळा हिशेब या पट्ट्याभोवती फिरतो.

अंशाबरोबर मिनिटंही मोजा

पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगानं शरीराची उष्णता ओढून घेतं. नुसतं पडून राहायचं तर माणसाला ३३-३४ अंशांचं पाणी लागतं. स्पर्धेच्या तलावात मात्र २५ ते २८ अंश ठेवतात, कारण जोरात पोहणारं शरीर स्वतःच भट्टी असतं. म्हणजे २६ अंशांच्या त्याच पाण्यात सलग पोहणाऱ्याला काहीच नको, स्कूबा करणाऱ्याला ३ मिमी हवा आणि कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात चार तास उभं राहून दोर धरणाऱ्यालाही ३ मिमीच हवा. दुकानातल्या तक्त्यात नुसते अंश असतात. तुम्ही पाण्यात काय करणार आणि किती वेळ, हे त्यात नसतं, आणि निम्म्या चुका तिथंच होतात.

सूट ऊब कशी देतो हे नीट माहीत असलं तर पुढची निवड सोपी जाते. निओप्रीन म्हणजे बंद बुडबुड्यांचा रबरी फोम. ऊब राखतात ते बुडबुडे. आत शिरलेलं पाणी आपल्याला गरम ठेवतं असं सर्रास सांगितलं जातं, पण ते पाणी तापवायला उष्णता आपल्याच अंगातून जाते. ते जितकं कमी आणि जितकं स्थिर, तितकं बरं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी पहिले वेटसूट केले तेव्हा मुद्दा हाच होता: अंग कोरडं राहायची गरज नाही, कपड्यात हवा कोंडलेली असली की पुरे. यातून निघणारा व्यवहारी निष्कर्ष असा, की अंगाला घट्ट बसलेला ३ मिमीचा सूट पाठीत पोकळी राहिलेल्या ५ मिमीच्या सुटापेक्षा जास्त उबदार असतो. प्रत्येक हातामागे त्या पोकळीतून गार पाणी आत-बाहेर होतं आणि तापवलेलं पाणी निघून जातं. जाडी वाढवून ही गळती भरून निघत नाही.

सुटावर '३/२' असं लिहिलेलं असेल तर धडाला ३ मिमी आणि हातापायांना २ मिमी. '४/३', '५/४' यांचाही अर्थ तसाच.

२ मिमी आणि शॉर्टी

अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा २ मिमीचा शॉर्टी २२ ते २६ अंशांना चांगला. सगळ्यात जास्त फायदा लहान मुलांना. मुलांच्या वजनाच्या मानानं त्वचेचा पसारा मोठा असतो, त्यामुळे ती मोठ्यांआधी काकडतात, आणि डिसेंबरात उघड्या तलावावर सकाळच्या बॅचला ओठ निळे पडलेलं पोर पोहायला शिकत नाही. मुलांसाठी 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून मोठं माप घेणं म्हणजे ऊब काढून टाकणं. त्यापेक्षा मोठ्या भावंडाचा नीट बसणारा जुना सूट चांगला.

तापोळा-बामणोलीकडे कयाक किंवा पॅडल बोर्ड चालवणाऱ्यांनाही हाच पुरे. त्यांनी बिनबाह्यांचा घ्यावा, वल्हवताना काखेत घासत नाही. प्रौढ पोहणाऱ्याला मात्र शॉर्टीतून फारसं काही मिळत नाही. २५ अंशांच्या वर साधा रॅशगार्ड, म्हणजे पोहण्याचा पातळ घट्ट टी-शर्ट, घाला, पैसे वाचवा.

३ मिमी: घ्यायचा असेल तर हा

पूर्ण बाह्यांचा ३ मिमी किंवा ३/२ हा आपल्या भागासाठी खरा सूट. सावकाश पोहणाऱ्याला तो १८ ते २३ अंशांत तासभर आरामात चालतो. २४ ते २८ अंशांत डायव्हिंग, बचावकार्य किंवा कपारीतल्या ओढ्यांतली दोरावरची उतरण यांना हाच. मालवण-तारकर्लीला किंवा अंदमानात डायव्हिंगला जाणाऱ्यांनाही याच्यापेक्षा जाड लागत नाही.

पण ३ मिमीतही तीन जाती आहेत आणि त्या एकमेकींची जागा घेत नाहीत. सर्फिंगच्या सुटाचे खांदे लवचीक असतात आणि दोन्हीकडून कापडाचं अस्तर असतं. डायव्हिंगचा सूट दाब आणि घासणं सहन करणाऱ्या दाट फोमचा असतो, गुडघ्यांना जाड पट्ट्या असतात, खांदे कडक असतात. पोहण्याचा सूट बाहेरून गुळगुळीत, उघड्या रबराचा असतो. पाण्यात तो सरसर जातो, पण नख लागलं की फाटतो. एकच घ्यायचा असेल आणि पोहणं, कयाक, ओढे असं सगळंच करायचं असेल तर सर्फिंगचा ३/२ घ्या. पोहताना थोडा वेग जाईल, पण सूट टिकेल. गुळगुळीत रबराचा सूट सह्याद्रीच्या काळ्या खडकावर एका उतरणीत चिरतो. ओढ्यांत उतरणाऱ्यांनी बसायच्या जागी आणि गुडघ्यांना मजबुती दिलेला सूटच बघावा. हार्नेसचे पट्टे जिथं बसतात तिथं वरून जुनी जाड हाफपँट चढवली की सूट कितीतरी जास्त चालतो.

कृष्णाकाठी उपसा सिंचनाच्या मोटारींचे फूटव्हॉल्व्ह आणि जॅकवेलच्या जाळ्या पाण्यात उतरून साफ करणारी मंडळी आहेत. त्यांना ३ मिमीचा डायव्हिंगचा सूट खरोखर उपयोगी आहे. गार थरात हात चालत राहतात, जाळीच्या तारेनं आणि काँक्रीटच्या कडांनी अंग खरवडत नाही. मात्र वजनपट्टा न लावता खाली जायला जोर लागतो, कारण सूट वर ढकलतो, आणि वजन लावलं तर ते एका हाताच्या झटक्यात सुटणारं असलं पाहिजे. मोटार बंद करून स्टार्टरपाशी माणूस बसवल्याशिवाय उतरूच नये. आणि भिलवडी, औदुंबर, हरिपूरच्या बाजूला मगरींचा वावर आहे. मगरीपासून कुठल्याही जाडीचं निओप्रीन वाचवत नाही, तिथं स्थानिक माणूस नको म्हणाला की नको.

५ मिमी ट्रायथलॉनचा: नियम वाचल्याशिवाय घेऊ नका

हा सूट सगळीकडे ५ मिमी नसतो. छाती, पोट आणि मांड्यांना ४-५ मिमी, खांदे-काखांना दीड-दोन मिमी. जाडी ऊब देते, पण शर्यतीत तिचा मोठा फायदा तरंगण्याचा आहे. कंबर आणि पाय वर राहतात, पाणी कमी अडतं, वेग वाढतो. पाय बुडणाऱ्या पोहणाऱ्याला हा फायदा जास्त, आणि गोड्या पाण्यात आणखी जास्त, कारण तिथं शरीर समुद्रापेक्षा कमी तरंगतं. या फायद्यापायीच नियम कडक आहेत. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या शर्यतीत ५ मिमीपेक्षा जाड सूट चालत नाही. वयोगटातल्या, म्हणजे हौशी, स्पर्धकांना १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंशांच्या वर गेलं की सूट बंद, त्याहून लांब अंतराला २४.६ च्या वर बंद. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन मालिकेच्या शर्यतींत २४.५ अंशांपर्यंत मोकळीक आहे. २४.५ ते २८.८ मध्ये घालता येतो, पण मग वयोगटाचं बक्षीस आणि जागतिक स्पर्धेची जागा विसरायची. २८.८ च्या वर पूर्ण बंदी. खुल्या पाण्यातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचा वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या जलतरणाच्या जागतिक संघटनेचा नियम वेगळा: १८ च्या खाली सूट सक्तीचा, १८ ते २० ऐच्छिक, त्याच्या वर नाही. शर्यतीचं नियमपत्रक दरवेळी नव्यानं वाचावं, आकडे बदलतात.

गोव्यात मिरामारला होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ साठी सातारा-सांगली-कोल्हापुरातून बरीच मंडळी जातात. तिथलं १.९ किलोमीटरचं पोहणं उबदार समुद्रात असतं, वेटसूट लागत नाही. मलेशियातल्या लंकावीलाही तेच. तिथं हवा तर निओप्रीन नसलेला, कापडी स्विमस्किन. जर्मनीतल्या हँबर्ग किंवा ऑस्ट्रेलियातल्या बसलटनसारखी थंड पाण्याची शर्यत नक्की झाली असेल तरच ५ मिमी घ्या, आणि शर्यतीआधी सहा ते आठ आठवडे घ्या.

सराव कुठं करायचा हा मोठा प्रश्न. आधी एकदाही सूट घालून न पोहता तो थेट शर्यतीत चढवणं धोक्याचं आहे. छातीवर दाब येतो, श्वास पूर्ण भरत नाही असं वाटतं आणि गार पाण्यात घाबरायला तेवढं पुरतं. पण आपल्याकडच्या २६-२७ अंशांत ५ मिमी घालून तासभर पोहणंही तितकंच वाईट. घाम आतच राहतो, अंग तापत जातं, डोकं जड होतं, मळमळतं, हात ढिले पडतात. मार्ग असा: डिसेंबर-जानेवारीत, पहाटे, काठाला समांतर, १५ ते २० मिनिटं. मध्येच थांबून कॉलर पुढे ओढायची आणि पाणी आत सोडायचं. उन्हाळ्यात सूट घालण्याचा सराव हवा असेल तर पूर्ण सुटाऐवजी बिनबाह्यांचा, तोही दहा-बारा मिनिटांपुरता. कोरड्या जमिनीवर उन्हात सूट घालून उभं राहू नका. चेन पाण्याच्या कडेला गेल्यावरच लावा.

इंग्लिश चॅनेलचा ध्यास असलेल्यांनी मात्र वेटसूटकडे वळूच नये. चॅनेलमध्ये उन्हाळ्यातही पाणी साधारण १५ ते १८ अंश असतं आणि मान्यताप्राप्त पोहण्यात वेटसूट चालत नाही. पोहण्याचा साधा कपडा, टोपी आणि गॉगल, बस्स. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये ओशन्स सेव्हन या जगातल्या सात अवघड सागरी पोहण्यांच्या सातही खाड्या पूर्ण केल्या त्या याच नियमांत. तिथं शरीरालाच गारठ्याची सवय लावावी लागते, आणि सूट नेमकी तीच सवय लागू देत नाही.

डायव्हिंगचा ५ आणि ७ मिमी

२० ते २४ अंशांना ५, १५ ते २० ला ७, त्याखाली सेमीड्राय (पाणी फार थोडं आत येऊ देणारा) किंवा ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा), असा डायव्हिंगचा ढोबळ हिशेब. हे आकडे पोहण्याच्या हिशेबापेक्षा जाड आहेत, कारण डायव्हर हालचाल कमी करतो आणि खोलात सूट पातळ होतो. १० मीटरवर दाब दुप्पट, ३० मीटरवर चौपट, आणि फोममधले बुडबुडे त्या प्रमाणात आक्रसतात. वर ७ मिमी असलेला सूट खाली ७ मिमी राहत नाही. ऊबही जाते आणि तरंगणंही.

सातारा-सांगलीतून वर्षा-दोन वर्षांत एकदा तारकर्लीला जाणाऱ्यानं डायव्हिंगचा सूट विकत घेऊ नये, तिथं तो मिळतो. त्याऐवजी पायाच्या मापाचे निओप्रीनचे मोजे आणि चांगला मास्क स्वतःचा ठेवावा, कारण त्यांचं माप दुसऱ्याच्या वस्तूत जमत नाही. समुद्रात शिकून आलेल्यानं पुढे जलाशयात उतरताना दोन गोष्टी बदलायच्या. गोडं पाणी समुद्रापेक्षा साधारण अडीच टक्के हलकं, म्हणून सामानासह ८० किलो भरणाऱ्यानं पट्ट्यातलं वजन दोनेक किलोंनी कमी करायचं. आणि शिवसागराची पातळी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून वर आहे. ३०० मीटरच्या वर डायव्हिंगचे नेहमीचे तक्ते तसेच्या तसे लागू होत नाहीत, त्यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागतं.

७ मिमी भारतात राहून घेण्याचं एकही कारण दिसत नाही. जाड, जड, वाळायला दोन दिवस, आणि परदेशी थंड पाण्यात जिथं लागेल तिथं भाड्यानं मिळतो.

पुरातल्या कामासाठी

२०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हापासून अनेक गावांतली बचाव पथकं वेटसूट घेऊ लागली, ही चांगली गोष्ट आहे. पण सूट कशासाठी, हे स्पष्ट हवं. पुराचं पाणी ऑगस्टमध्ये गोठवणारं नसतं. माणूस गारठतो तो ओल्या अंगानं तासन् तास बोटीवर वाऱ्यात बसल्यानं. दोन्हीकडून कापड असलेला सूट पाणी धरून ठेवतो, ते वाऱ्यानं उडत राहतं आणि अंगातली ऊब घेऊन जातं. म्हणून ३ मिमीच्या वर साधा पावसाळी कोट घातला पाहिजे, आणि त्याच्या वर लाइफ जॅकेट. सूट तरंगतो म्हणून जॅकेट काढणं ही सगळ्यात घातक कल्पना. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवण्याचं काम सूट करत नाही.

सूट खरवडण्यापासून वाचवतो: पत्र्याच्या कडा, कुंपणाच्या तारा, बाभळीचे काटे. दूषित पाण्यापासून वाचवत नाही, कारण पाणी आत येतंच. अंगावर जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका सूट घालूनही राहतो, त्याबद्दल आरोग्य केंद्राशी आधीच बोलून ठेवावं. पथकासाठी काळ्याऐवजी खांद्यांवर पिवळा किंवा नारिंगी रंग असलेले सूट घ्यावेत, गढूळ पाण्यात काळ्या सुटातला माणूस दिसत नाही. आणि एकाच मापाचे डझनभर सूट घेऊ नयेत. ढगळ सूट पाण्यानं भरतो आणि बोटीत चढताना तेवढं ओझं अंगावर घेऊन चढावं लागतं.

घेताना काय तपासायचं

लेबलवरची जाडी खरी असेलच असं नाही. मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये व्हर्निअर मिळेल. छाती, पाठ, मांडी आणि बाही अशा चार जागी, फोम न दाबता, जबडे नुसते टेकवून मोजा. कापडाचं अस्तर धरून मोजलं की सोडून, यावर थोडा फरक पडतो, ते विक्रेत्याला विचारा. पण ५ लिहिलेला सूट साडेतीन भरत असेल तर परत करा. नंतर अंगठ्यानं जोरात दाबा. चांगलं निओप्रीन लगेच वर येतं. स्वस्त सुटांत क्लोरोप्रीनऐवजी (खरं निओप्रीन याचंच असतं) एसबीआर हे स्वस्त रबर किंवा त्याची भेसळ असते. ते कमी ताणलं जातं आणि लवकर चपटं होतं, म्हणजे दोन हंगामांनी ५ मिमीचा सूट प्रत्यक्षात तेवढा राहतच नाही.

मग शिवण. सूट उलटा करा. आरपार सुई गेलेली सपाट, रुंद शिवण म्हणजे फ्लॅटलॉक. ती टिकाऊ असते पण प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं, १८ अंशांच्या वर चालते. त्याखाली आधी चिकटवून मग अर्ध्याच जाडीत शिवलेली, आरपार भोक नसलेली ब्लाइंडस्टिच हवी. ४/३ किंवा ५/४ चा सूट फ्लॅटलॉक शिवणीचा असेल तर तो सोडा.

माप बघताना उंची आणि वजनाच्या तक्त्यावर थांबू नका, छाती, कंबर, नितंब आणि खांद्यापासून जांघेपर्यंतची लांबी टेपनं घ्या. युरोपीय मापांत आपल्याकडच्या अनेकांचं धड आखूड पडतं आणि पोटाकडे सूट ताणतो. पोट बसावं म्हणून एक माप वर गेलं की पाठीच्या खोलगट भागात पोकळी आलीच. तिथं 'शॉर्ट' कटाचं माप शोधा. सूट कोरडा असताना जरा जास्तच घट्ट वाटला पाहिजे, पाण्यात तो सैल होतो. दोन्ही हात कानापर्यंत वर न्या: खांदे खाली ओढले जात असतील तर सूट आखूड आहे किंवा नीट वर चढलेला नाही. उकिडवं बसा: पाठीत हवेचा फुगा दिसला की तिथून पाणी खेळणार. गळ्यात एक बोट घट्ट जावं. पूर्ण मूठ शिरत असेल तर मोठा, आणि गिळताना अडकत असेल तर लहान.

चढवण्याची पद्धत चुकली की बरोबर मापाचा सूटही चुकीचा वाटतो. पायात पातळ प्लॅस्टिक पिशवी घाला, पाय सरकन जातो. आधी घोट्याच्या वर चार बोटं चढवा, मग पोटरी, गुडघा, मांडी, आणि जांघ पूर्ण भिडेपर्यंत वर जाऊच नका. ओढायचं ते बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. आतून धरून थोडं-थोडं सरकवा. बाह्यांतही कापड मनगटाकडून खांद्याकडे आणा, काखेत सुरकुती राहू देऊ नका. चेन लावताना खांदे मागे घ्या आणि दुसऱ्याला दोन्ही कडा जवळ धरायला सांगा. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतात. मानेला घासू नये म्हणून मेणाची कांडी किंवा लॅनोलिनचं मलम लावा. व्हॅसलीन नको, पेट्रोलियमच्या पदार्थांना बहुतेक उत्पादक मनाई करतात.

१५ अंशांच्या खालच्या पाण्यात सुटाबरोबर निओप्रीनची टोपी, बूट आणि लागेल तसे हातमोजे घ्या. धड ५ मिमीत आणि डोकं उघडं, यात अर्थ नाही. अशा पाण्यात पहिलं एक-दीड मिनिट श्वास आपोआप धापेसारखा होतो. काठ धरून उभं राहा, चेहऱ्यावर पाणी मारा, लांब उच्छ्वास सोडा आणि श्वास ताळ्यावर आला की मगच पोहा. पोहताना मधून मधून अंगठा करंगळीला टेकवून बघा. टेकत नसेल तर जाडी कितीही असो, बाहेर या. बाहेर आल्यावरही दहा-वीस मिनिटं शरीर आतून निवत राहतं, त्यामुळे आधी ओला सूट काढून कोरडे कपडे घाला, गरम आंघोळ नंतर.

आपल्या हवेत सूट टिकवणं

सांगलीचं ऊन आणि महाबळेश्वर-साताऱ्याचा पावसाळा, दोन्ही निओप्रीनचे शत्रू. उन्हात रबर कडक होऊन तडकतं, दमट खोलीत बुरशी धरतं. नदीतून आल्यावर साध्या पाण्यात दोनदा खंगाळा. गाळ चेनच्या दातांत बसतो, जुन्या टूथब्रशनं काढा आणि कोरड्या चेनवर मेण फिरवा. वॉशिंग मशीन, गरम पाणी, ब्लीच, काहीच नको. आधी उलटा करून सावलीत, पंख्याखाली वाळवा, मग सुलटा. बारीक तारेच्या हँगरवर खांद्यांनी टांगला की खांद्यांचं रबर ओढून पातळ होतं. जाड दांडीवर कमरेतून दुमडून टाका. पत्र्याच्या खोलीत, मोटारीच्या डिकीत किंवा माळ्यावर घडी दाबून ठेवू नका, घडीच्या रेषेत बुडबुडे चपटे होतात आणि परत फुगत नाहीत.

नखाची चीर दिसली की त्याच दिवशी कडा कोरड्या करा. निओप्रीन सिमेंटचा पातळ हात दोन्ही कडांना लावा, पाच-दहा मिनिटं सुकू द्या, दुसरा हात लावा, तो चिकटसर झाला की कडा नेमक्या जुळवून दाबा आणि चोवीस तास हात लावू नका. ओल्या फोमवर लावलेलं सिमेंट धरत नाही. चीर अस्तरापर्यंत गेली असेल तर आतून एक कापडी पट्टीही चिकटवा, नाहीतर पुढच्या वेळी सूट चढवताना ती तिथूनच पुन्हा फाटते.